सरकारी दवाखान्यातले मनाचे डॉक्टर नोकरी का सोडतात?

माझा आतेभाऊ अकरा वर्षं मनाच्या आजाराची औषधं घेतो आहे. तो आणि आत्या ग्वाल्हेरपासून काही तासांवरच्या एका जिल्ह्याच्या गावी राहतात. गावाचं आणि तिथल्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही, कारण हीच गोष्ट आणखी कितीतरी गावांची आहे. या अकरा वर्षांत त्याचे सात डॉक्टर झाले. दर वेळी नव्या डॉक्टरांसमोर आत्या पहिल्यापासून सुरुवात करते: बारावीच्या वर्षी कसं झालं, कोणत्या गोळीनं हात थरथरायला लागले, कोणत्या गोळीनं झोप आली. ती अजून मध्यावर असते आणि शिपाई पुढचं नाव पुकारतो.

पाचव्या डॉक्टरांनी पर्च्याच्या कडेला पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती. (पुण्या-मुंबईकडे ज्याला केसपेपर म्हणतात त्याला इकडे आपण पर्चाच म्हणतो.) ओळ अशी होती: 'आईला विचारा, रात्री रेडिओ लावतो का?' आजार उलटायच्या आठवडाभर आधी आतेभाऊ रात्रभर रेडिओ लावून बसतो, हे त्यांनी आत्याच्या बोलण्यातून हेरलं होतं. पुढे ते नोकरी सोडून गेले. पर्चा घडीवर फाटला, नवा पर्चा निघाला, त्यावर फक्त औषधांची नावं उतरवली गेली. सहाव्या डॉक्टरांना आत्यानं सांगितलंही, की हा रात्री रेडिओ लावतोय. त्यांनी मान डोलावली आणि गोळ्या त्याच ठेवल्या. त्यांना मी दोष देत नाही. बाहेर रांग होती आणि ती ओळ त्यांच्यापुढे नव्हती. आठवड्याभरात आतेभावाला भर्ती करावं लागलं.

गेल्या महिन्यात सातवे डॉक्टरही गेले. आत्यानं फोनवर विचारलं, "अगं, पक्की सरकारी नोकरी. लोक त्यासाठी नवस बोलतात. ही माणसं सोडून का जातात?" फोनवर मला नीट सांगता आलं नाही. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

आधी, हे डॉक्टर म्हणजे नेमके कोण?

मनाच्या आजारावर काम करणारे सगळे लोक आपण एकाच टोपलीत टाकतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे तीन वर्षं मनोविकारशास्त्रात एमडी केलेला डॉक्टर. तो औषधं लिहू शकतो, भर्ती करून घेऊ शकतो, कोर्टाला अहवाल देऊ शकतो. मानसशास्त्रज्ञ औषधं देत नाही. तो चाचण्या घेतो, बोलून उपचार करतो. त्यांच्याबरोबर घरी जाऊन चौकशी करणारा समाजसेवक लागतो आणि मनोविकारांचं प्रशिक्षण घेतलेली नर्स लागते. हे चौघं मिळून एक गाडी. गाडीची तीन चाकं नसली तर उरलेल्या एका चाकावर किती भार येतो, ते पुढे दिसेलच.

आकडा वाचून मी दोनदा तपासला

बंगळुरूच्या निमहान्स या संस्थेनं २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्यात नव्हता, मध्य प्रदेश आणि गुजरात होते. त्यात दर लाख लोकांमागे किती मानसोपचारतज्ज्ञ आहेत तेही मोजलं. केरळात १.२. मध्य प्रदेशात ०.०५, बाराही राज्यांत सर्वांत कमी.

०.०५ म्हणजे वीस लाख माणसांमागे एक. २०११च्या जनगणनेत आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्याची लोकसंख्या साधारण वीस लाख होती. लष्कर, मुरार, जुनं ग्वाल्हेर, डबरा, भितरवार, सगळी गावं-खेडी धरून एक डॉक्टर, असा तो हिशेब. (प्रत्यक्षात शहरात बरेच डॉक्टर गोळा होतात. म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला तेवढाही येत नाही.) त्याच सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मनोविकार होता, आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

तेव्हा मुळात माणसं कमी, आणि जी आहेत ती सरकारी सेवेतून निघून जातात. या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीवर बरंच बोललं जातं. दुसरीवर फारसं कुणी बोलत नाही.

हाडाचा डॉक्टर बदलला तर चालतं, इथे का नाही?

हाड मोडलं की एक्स-रे असतो. डॉक्टर बदलला तरी एक्स-रे तोच, नवा डॉक्टर तो उजेडापुढे धरतो आणि पुढे सुरू करतो. मनाच्या आजारात एक्स-रेची जागा माणसाच्या बोलण्यानं घेतलेली असते, आणि माणूस बोलतो ते ओळख झाल्यावर. पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही की मला कानात आवाज येतात, किंवा दोनदा विहिरीपर्यंत जाऊन आलो. ते चौथ्या-पाचव्या भेटीत निघतं.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गाणं शिकलेल्या कुणालाही हे लगेच उमगेल. ख्याल शिकणाऱ्या मुलाला दर दीड वर्षानं नवा गुरू दिला, तर प्रत्येक गुरू पहिले सहा महिने त्याचा आवाज ओळखण्यातच घालवेल. राग कधी सुरू होणार? मनाच्या डॉक्टरचं हत्यार म्हणजे ही ओळख. तो जातो तेव्हा हत्यार बरोबर घेऊन जातो, खुर्ची तेवढी मागे राहते.

अडीच मिनिटांचा हिशेब

समजा, एका सरकारी दवाखान्यात मनोविकार विभागात चार डॉक्टर आहेत आणि रोज १२० रुग्ण येतात. ओपीडी पाच तासांची, म्हणजे ३०० मिनिटांची. प्रत्येक डॉक्टरकडे ३० रुग्ण, एकाला दहा मिनिटं. कमीच आहेत, नव्या रुग्णाची पहिली तपासणी नीट करायची तर पाऊण तास लागतो. तरी चालतं.

एक डॉक्टर जातो. आता ४० रुग्ण, साडेसात मिनिटं. रात्रपाळीचा फोन चौथ्या दिवसाऐवजी तिसऱ्या दिवशी. दुसरा जातो: ६० रुग्ण, पाच मिनिटं, एक दिवसाआड रात्रीचा फोन. तिसरा जातो. उरलेल्या एकाकडे १२० रुग्ण, अडीच मिनिटं, आणि रोज रात्री फोन.

या उदाहरणात रुग्ण वाढले नाहीत, आजार वाढले नाहीत, डॉक्टरही बिघडला नाही. पहिल्यानं राजीनामा दिला तेव्हाच दुसऱ्याच्या राजीनाम्याची तयारी सुरू झाली. पहिली रिकामी जागा सहा महिन्यांत भरली असती तर पुढचं टळलं असतं. पण जाहिरात, मुलाखत, मंजुरी, रुजू होणं, यात वर्ष निघून जातं. गळक्या हंड्यात वरून कितीही ओता, भोक बुजवल्याशिवाय तो भरत नाही. आणि इथे गळणाऱ्या प्रत्येक थेंबाबरोबर भोक मोठं होतं.

शिवाय या १२० जणांत फक्त उपचारासाठी आलेले नसतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यांत मानसिक आजार आणि बौद्धिक अक्षमताही आहेत. निदान ४० टक्के अपंगत्व नोंदलं गेलं तर पेन्शन, सवलती मिळतात. हा हक्क फार मोलाचा आहे. पण त्याचं प्रमाणपत्र त्याच टेबलावर तयार होतं. तुरुंगातून कैदी येतो, त्याची मानसिक स्थिती लिहून द्यायची असते. पोलीस रस्त्यावर भटकणाऱ्या कुणाला तरी घेऊन येतात. कोर्टात साक्षीला बोलावणं असतं, आणि त्या दिवशी ओपीडीत कुणीच नसतं. लहान जिल्ह्यांत पुष्कळदा मानसोपचारतज्ज्ञाला तातडीच्या विभागात सर्वसाधारण डॉक्टर म्हणूनही उभं करतात. त्याची एमडीची तीन वर्षं त्या रात्रपाळीत कुणाच्या कामाला येत नाहीत.

जबाबदारी याची, किल्ल्या दुसऱ्याकडे

एवढं काम पाहून कुणीही म्हणेल, थकून जात असतील. थकतातच. पण ज्या दोन-तीन डॉक्टरांशी मी यावर बोलले, त्यांच्यापैकी कुणीही कामाच्या ढिगाबद्दल पहिल्यांदा तक्रार केली नाही. पहिल्यांदा आलं ते दुसरंच.

१९७९ साली रॉबर्ट कारासेक या अमेरिकी समाजशास्त्रज्ञानं कामाच्या ताणाबद्दल एक साधी गोष्ट मांडली, आणि ती आजही वापरली जाते. काम जास्त आहे एवढ्यानं माणूस मोडत नाही. काम जास्त आणि ते कसं करायचं हे ठरवायचा अधिकार कमी, अशी गाठ पडली की मोडतो.

मंगल कार्यालयातला आचारी डोळ्यांपुढे आणा. पाचशे पानं वाढायची आहेत. दमेल, घामाघूम होईल, पण शेवटची पंगत उठली की समाधानानं पाणी पिईल. आता त्याला सांगा, की गॅसची टाकी एकच मिळेल, तांदूळ कुठला आणायचा ते दुसरं कुणी ठरवेल, भांडारघराची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे आहे, आणि भात कच्चा राहिला तर पाहुण्यांसमोर हात जोडून तूच उभं राहायचं. तो आचारी पुढच्या लग्नाचं काम घेईल का?

दवाखान्यातली गोष्ट अगदी अशीच. लिथियम हे उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारावरचं जुनं, स्वस्त, भरवशाचं औषध. पण ते नाजूक आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण लिटरमागे साधारण ०.६ ते १.२ मिलिमोल या टप्प्यात राहायला हवं. त्याखाली उपयोग नाही, त्यावर गेलं तर विषबाधेचा धोका. म्हणून वेळोवेळी रक्त तपासावं लागतं, मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावं लागतं. आता डॉक्टरला माहीत आहे की समोरच्या बाईंना लिथियमच हवं. पण दवाखान्यात ती रक्ततपासणी होत नाही, बाहेरची तपासणी परवडत नाही, स्टोअरमध्ये गोळ्या दोन महिने आलेल्या नाहीत. मग तो दुसरं औषध लिहितो, जे तितकं लागू पडत नाही आणि ज्यानं वजन वाढतं. खरेदी त्याच्या हातात नाही, प्रयोगशाळा त्याच्या हातात नाही. सही मात्र त्याची, आणि चार महिन्यांनी त्या बाई पुन्हा उन्मादात आल्या की त्यांचा मुलगा ओरडणार तो याच्यावरच.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ला लागू झाला. तो चांगला कायदा आहे, हे आधीच सांगते. प्रत्येकाला सरकारी खर्चानं चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्यानं दिला, भूल दिल्याशिवाय विजेचे झटके द्यायला बंदी घातली, साखळदंड बंद केले. पण हक्क कागदावर सरकारविरुद्ध असला, तरी तो मागायला माणूस जातो ओपीडीच्या खिडकीत. तिथे सरकार म्हणून त्याला एकच चेहरा दिसतो, डॉक्टरचा.

बरं झालेला माणूस घरी जात नाही तेव्हा

सुप्रीम कोर्टानं १९९७ साली ग्वाल्हेर, आग्रा आणि रांची इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवायचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिलं. मध्य प्रदेशात अशी सरकारी रुग्णालयं दोनच, आपली ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला आणि इंदूरच्या बाणगंगेतलं. देखरेख सुरू होऊन पंचवीस वर्षं झाल्यावर, जानेवारी २०२३मध्ये, याच तीन ठिकाणी भेटी देऊन आयोगानं देशातल्या सगळ्या ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था दयनीय आणि अमानुष असल्याचं म्हटलं. बरे झालेले रुग्णही बेकायदा अडकून पडले आहेत आणि डॉक्टर-कर्मचारी कमी आहेत, हे त्यातले दोन मुख्य मुद्दे होते.

या दोन मुद्द्यांचा एकमेकांशी संबंध आहे असं मला वाटतं. रुग्ण बरा होऊन घरी जाणं, हीच डॉक्टरची खरी कमाई. शस्त्रक्रिया करणाऱ्याला ती आठवड्याभरात दिसते. इथे दोन वर्षं खपून एक माणूस बरा होतो आणि त्याला न्यायला कुणी येत नाही. पत्ता खोटा निघतो. भाऊ फोन उचलत नाही. २०१७मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा बऱ्या झालेल्यांसाठी निवासाची सोय करायला राज्यांना सांगितलं, पण अशी घरं आजही फार थोडी आहेत. डॉक्टर रोज सकाळी राउंडला जातो आणि तो माणूस हसून विचारतो, "साहेब, माझी छुट्टी कधी?" डॉक्टरकडे द्यायला उत्तर नसतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच राउंड असतो.

थकवा वेगळा, ही जखम वेगळी

बर्नआउट हा शब्द हल्ली सर्रास वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याचं वर्णन आहे, पण आजार म्हणून नाही, कामामुळे होणारी अवस्था म्हणून: शक्ती संपणं, कामाबद्दल मन कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. याला आपण साधं 'विझणं' म्हणू.

दुसरी एक गोष्ट याच्याशी जोडलेली, पण वेगळी आहे. जोनाथन शे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाला व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ती दिसली. जे योग्य आहे असं माणूस मनापासून मानतो, त्याच्या विरुद्ध वागायला परिस्थितीनं भाग पाडलं की आत एक जखम होते. विवेकाची जखम. पुढे हा विचार डॉक्टरांनाही लावला गेला.

फरक कळायला सोपा आहे. विझलेल्या माणसाला महिनाभर रजा दिली तर तो थोडा सावरतो. विवेकाची जखम रजेनं भरत नाही. रजेवरून आल्यावर पुन्हा तोच अडीच मिनिटांचा रुग्ण समोर बसतो, आणि डॉक्टरला आतून ठाऊक असतं की यानं आज काहीतरी सांगायचं ठरवलं होतं आणि मी त्याला सांगू दिलं नाही.

"सरळ सांगा ना, पैशासाठी जातात"

पैसा हे कारण आहेच, ते लपवायचं कशाला? जानेवारी २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात दोनशेहून अधिक सरकारी मानसोपचारतज्ज्ञांनी एकदम राजीनामे दिले आणि जगभर बातमी झाली. त्यांची उघड मागणी पगाराचीच होती, २५ टक्के वाढीची. पण तिथे आधीच जवळजवळ तिसरा हिस्सा जागा रिकाम्या होत्या, आणि उरलेले लोक त्यांचं काम ओढत होते. शेजारच्या राज्यांत पगार जास्त, म्हणून नवीन कुणी येईना. पगारवाढ ते मागत होते ती त्या रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठीही होती.

आपल्याकडे सरकारी डॉक्टरांची जुनी तक्रार बढतीची आहे. ३ मे २०२३ला मध्य प्रदेशातल्या सरकारी डॉक्टरांनी संप केला, त्यात ठरावीक वर्षांनी नेमानं बढती मिळावी ही मागणी प्रमुख होती. हायकोर्टानं संप बेकायदा ठरवला आणि डॉक्टर कामावर परतले.

आणि एक गोष्ट मानसोपचारतज्ज्ञांपुरती खास. सर्जनला बाहेर पडायचं तर ऑपरेशन थिएटर हवं, भूलतज्ज्ञ हवा, कर्ज हवं. मानसोपचारतज्ज्ञाला एक खोली, एक टेबल आणि तीन खुर्च्या पुरतात. दार त्याच्यासाठी इतरांपेक्षा जास्त उघडं असतं. इतकं उघडं असूनही कित्येक जण वर्षानुवर्षं सरकारी सेवेत राहतात. पैसाच सर्वस्व असता तर ते पहिल्याच वर्षी गेले असते.

"सरकारच्या पैशानं शिकले, मग बांधून ठेवा"

बाँडची पद्धत आहेच. सरकारी कॉलेजात शिकलेल्यानं ठरावीक काळ सेवा द्यायची, नाहीतर रक्कम भरायची. मला हे न्यायाचं वाटतं. पण त्यानं हे दुखणं बरं होत नाही. बाँडवरचा डॉक्टर पहिल्या दिवसापासून शेवटचा दिवस मोजत असतो, आणि तो दिवस वर्षभरात येतो. आतेभावाच्या सात डॉक्टरांपैकी तीन असेच बाँडचे होते. हुशार होते, प्रेमानं बोलायचे. पण एका वर्षात ओळख होते न होते तोच निघायची वेळ. बाँडनं खुर्ची भरते, ओळख टिकत नाही.

"आता फोनवर होतं की सगळं"

टेलिमानस ही सरकारची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, अनेक भाषांत. घरात कुणी अस्वस्थ असेल तर जरूर फिरवा, मी स्वतः दोघींना दिला आहे. पण फोनवरून रक्त काढता येत नाही, भर्ती करता येत नाही, आणि खूप बिघडलेल्या माणसाला शेवटी जवळच्या दवाखान्यातच पाठवावं लागतं. तिथे कुणी असायला हवं.

मग थांबतात ते कशामुळे?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला आणि कागदोपत्री आता देशातल्या ७६७ जिल्ह्यांसाठी मंजूर आहे. त्याच्या आराखड्यात सुरुवातीला सांगितलेली ती चारही चाकं आहेत. पण मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक आणि नर्स यांच्या जागा बहुतेक कंत्राटी, पगार वेळेवर नाही, म्हणून तीही माणसं डॉक्टरच्या आधीच निघून जातात. माझ्या मते दुरुस्ती इथून सुरू व्हायला हवी. डॉक्टर टिकवायचा असेल तर आधी त्याचा समाजसेवक टिकवा. बऱ्या झालेल्या माणसाचं घर शोधायला समाजसेवक असेल, चाचण्या घ्यायला मानसशास्त्रज्ञ असेल, तर अडीच मिनिटांची दहा मिनिटं होतात. त्यापुढच्या गोष्टी फार मोठ्या खर्चाच्या नाहीत: मोजक्या दहा-पंधरा औषधांचा साठा संपू न देणं, विभागाच्या छोट्या खरेदीचा अधिकार विभागाला देणं, आणि सोडून जाणाऱ्या डॉक्टरला एकदा समोर बसवून विचारणं की का चाललात. माझ्या ओळखीचे जे एक डॉक्टर बाहेर पडले, त्यांच्याकडून ओळखपत्र आणि स्टोअरची ना-हरकत तेवढी मागून घेतली. हा प्रश्न कुणीही विचारला नाही.

आत्याला आता काय सांगू?

डॉक्टर टिकवणं आत्याच्या हातात नाही. एक गोष्ट मात्र आहे. त्याच २०१७च्या कायद्याच्या कलम २५नं रुग्णाला आपल्या उपचारांच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा भर्तीचे, तपासण्यांचे कागद मागून घ्यायचे, प्रत्येक पर्च्याचा मोबाइलवर फोटो काढायचा, डॉक्टर जाणार असं कळलं की शेवटच्या भेटीत त्यांच्याकडून अर्ध्या पानाचा सारांश लिहून घ्यायचा: कोणतं औषध चाललं, कोणतं नाही, आजार उलटायची खूण कोणती.

परवा मी गावी गेले तेव्हा आम्ही दोघी दोनशे पानी वही घेऊन बसलो. आत्या सांगत गेली, मी लिहीत गेले, आतेभाऊ मधूनमधून तारखा दुरुस्त करत होता. पहिल्या पानावर काय घ्यायचं ते त्यानंच ठरवलं. पेन्सिलीऐवजी शाईनं, मोठ्या अक्षरात: रात्री रेडिओ लावत असेन तर लगेच भेटीला आणा.